पाच फुटांचं बेडं आणि चार गाड्या

आमची आंब्याची बाग देवगड तालुक्यात, खाडीच्या वरच्या अंगाला. घर आणि विहीर खाली वाडीत, कलमं वर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या कडेला, आणि मधे चारशे-साडेचारशे मीटरची घाटी. घाटी म्हणजे जांभा कातळ, मधेच सुटे दगड, मधेच पावसानं खणलेली चर. सगळ्यात उभा तुकडा पाचात एक, म्हणजे पाच फूट पुढे गेलात की एक फूट वर. कलमं दीडशे. फवारणीचं पाणी खालून वर जाणार आणि आंबा वरून खाली येणार, त्यामुळे ओझं दोन्हीकडे आहेच.

आजोबांच्या वेळी बैल होते, नंतर गडी होते, आता नेपाळचे दाजू आहेत, हंगामात तेच राखणदार, तेच काढणीला, तेच डोक्यावर क्रेट घेऊन घाटी उतरतात. एका क्रेटात वीस-बावीस किलो आंबा. गेल्या वर्षी आमच्या दाजूंच्या गुडघ्यानं एप्रिलमधेच राजीनामा दिला आणि पंधरा दिवस मी स्वतः क्रेट उतरवले, मुंबईत सोळा वर्षं खुर्चीत बसून काढलेला माणूस मी, तेव्हा ठरवलं की आता काहीतरी चार चाकांचं आणायचंच.

पिकअप का नाही असं सगळेच विचारतात. तर बागेच्या तोंडाशी गडगा आहे, म्हणजे दगडी कुंपण, आणि गडग्यात जे बेडं आहे, म्हणजे आत जायची वाट, ते पाच फुटांचं. ते मोठं करता येईल, चार चिरे काढले की झालं, पण तो गडगा आमचा अर्धा आणि काकांचा अर्धा, आणि त्यातला कुठला अर्धा कुणाचा यावर १९९० सालापासून बोलणं चालू आहे. म्हणून गाडीच अरुंद घ्यायची असं ठरलं. हे बाहेरच्याला विनोदी वाटेल, पण कोकणात गाडी निवडताना इंजिनाच्या आधी भावकी बघावी लागते.

थारवाला मित्र हौसेनं आला होता. २०२० नंतरची डिझेल थार, १३० एचपी, लो रेंज, सगळं आहे, पण ती जवळजवळ सहा फूट रुंद. बेड्यापाशी उभी केली, आम्ही दोघांनी बघितलं, चहा प्यायला आणि तो गेला. जिम्नी थोडी अरुंद पण तीही पाच फुटांच्या वरच. तो विषय तिथेच संपला.

मग उरल्या तीन. एक म्हणजे चुलतभावाची किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायची छोटी एटीव्ही, म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल असलेली चार जाड चाकांची उघडी गाडी, चेनवाली, मागच्याच दोन चाकांना जोर. दुसरी एक मोठी एटीव्ही, ५६७ सीसी, फोर व्हील ड्राइव्ह, बेल्टवाली, एका रिसॉर्टनं विकायला काढलेली. आणि तिसरा २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर, शेजारच्या गावातल्या बागायतदाराचा, दोन दिवसांसाठी उसना. ट्रॅक्टर हा खरं तर यादीत नव्हताच, मला एटीव्हीच हवी होती, हे आधीच कबूल करतो. व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलं होतं.

तुलना करायची तर सारखी करू म्हणून एकच ट्रॉली घेतली, लोखंडी, दोन चाकांची, रिकामी ११० किलो. आणि एक काम केलं त्याचा मला अजून अभिमान आहे. मामाकडे मासळी तोलायचा लटकता डिजिटल काटा आहे, ३०० किलोचा, तो गाडीचा हुक आणि ट्रॉलीचा दांडा यांच्या मधे अडकवला. म्हणजे गाडीला खरोखर किती ओढावं लागतंय ते आकड्यात दिसतं. दाजू बाजूनं चालत आकडा ओरडून सांगायचे, मी गाडीवर. आई खळ्यातून बघत होती. म्हणाली, "बैल इकलंस तेवा गप ऱवलंय, आता ह्यां काय हाडलंस रे?"

ट्रॉलीत दोन ड्रम, सगळं मिळून ५२० किलो. सपाट खळ्यात काटा तीसच्या आसपास. घाटीच्या उभ्या तुकड्यात १३०. आणि चढावर थांबून परत सुटताना जो झटका बसतो त्याला १७०-१८०. आता हे आकडे ऐकून वाटेल की १३० किलो म्हणजे काय, दोन माणसं, एवढ्यासाठी ५६७ सीसी कशाला? मलाही तसंच वाटलं.

छोटी एटीव्ही तर पहिल्याच वळणावर बसली. तिचं वजन पावणेदोनशे किलो, मागची चाकं नुसती खडी उडवत राहिली. इंजिनात दम नव्हता असं नाही हो, चाकाखाली पकड नव्हती. अर्धा ड्रम भरून नेला तर चढली, पण अर्धा ड्रम ही वेगळीच गंमत आहे. भरलेला ड्रम गप बसतो, अर्धा ड्रम हेलकावे खातो, आणि गाडी दगडावर आपटली की पाणी आधी पुढे येतं मग मागे जातं आणि ट्रॉली तुम्हाला मागून ढुशा मारते. तेव्हापासून नियम केलाय, ड्रम एकतर काठोकाठ नाहीतर रिकामा.

मोठी एटीव्ही म्हणजे वेगळाच प्राणी. बसल्या बसल्या कळतं. रिकामी घाटी चढवली तर मला पोटात गोळा आला इतकी सरसर गेली, दगडावरून जाताना चारही चाकं आपापली खाली-वर होतात आणि सीटवर काही कळत नाही. रुंदी चार फूट, बेड्यातून आरामात. ओढायची क्षमता या वर्गातल्या गाड्यांची कागदावर साडेपाचशे किलोच्या आसपास असते, म्हणजे माझे ५२० त्यात बसत होते. जोडली ट्रॉली, लो गिअर टाकला, फोर व्हील चालू, निघालो. निम्म्यात थांबलो. चाकं फिरतायत, गाडी जागेवर, आणि तिसऱ्या प्रयत्नाला जळक्या रबराचा वास. तो बेल्टचा वास. या गाड्यांना आपल्या स्कूटरसारखा बेल्ट असतो, ओझं घेऊन रखडत राहिलं की तापतो, म्हणून ओढताना कायम लो मधेच ठेवायची असं सांगतात, पण लो मधेही चाकं घसरत असतील तर लो तरी काय करणार.

रात्री पडवीत बसून कागदावर हिशोब केला तेव्हा उजेड पडला. गाडीची पकड तिच्या वजनावर असते. एटीव्ही सव्वातीनशे किलो, वर मी पंच्याहत्तर, म्हणजे चारशे. सुट्या खडीवर साधारण निम्मं हाताला लागतं, म्हणजे दोनशे. त्यातले ऐंशीएक तिला स्वतःला आणि मला वर न्यायलाच गेले. उरले एकशेवीस. आणि ट्रॉलीला हवेत एकशेतीस. बस, एवढंच गणित. कंपनीचा आकडा खोटा नव्हता, तो सपाटीचा आकडा होता आणि मी तो घाटीवर लावत होतो. दुसऱ्या दिवशी एकच ड्रम आणि फवारणीचा एचटीपी पंप असं साडेतीनशे किलो नेलं तर काहीच त्रास नाही, गुणगुणत गेली.

ट्रॉलीत ओझं कुठे ठेवता यानंही खूप फरक पडतो. ड्रम चाकांच्या जरा पुढे सरकवला की दांड्यावर वजन येतं, एकूण ओझ्याचा दहावा भाग दांड्यावर असावा असं म्हणतात, ते बरोबर वाटलं. त्याहून जास्त पुढे घेतला तर एटीव्हीची पुढची चाकं हलकी होतात आणि हँडल नुसतंच फिरतं. आणि मागे गेला तर दांडा वर उचलतो, ते सगळ्यात वाईट.

मिनी ट्रॅक्टरबद्दल लिहायला तसं फार काही नाही आणि तेच त्याचं कौतुक. महिंद्राचा जिवो २४५ काय किंवा कुबोटाचा बी २४४१ काय, या वर्गातले सगळे २४ एचपीचे, चार फुटांच्या आतले, आमच्या बेड्यातून जाणारे. उसना आणलेला साडेसहाशे किलोचा. पहिला गिअर, माणूस चालतो त्याहून कमी वेग, दोन ड्रम घेऊन वर गेला. मी मधेच मुद्दाम थांबवून परत सोडला, तरी गेला. बसायला मात्र शिक्षा. सस्पेन्शन नाही, प्रत्येक दगड कण्यात मोजला जातो, आणि उन्हात बॉनेटची वाफ तोंडावर.

इथपर्यंत मी फक्त "किती ओढतं" हेच बघत होतो. काका गडग्यावर बसून दोन दिवस सगळं बघत होते, बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "उतारार बैल मागे रेटता. ह्यां रेटता काय?"

ते ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पण मी म्हटलं, आठच क्रेट आहेत, छोट्या एटीव्हीनं उतरवू, भाऊ पण आलाय. पहिल्या तोडीचा माल, मार्चचा, ज्याला भाव असतो तो. ट्रॉली धरून पावणेतीनशे-तीनशे किलो झालं असेल, गाडी आणि मी मिळून अडीचशे. ट्रॉलीला ब्रेक नाही. वरचा तुकडा नीट उतरलो, मग उभा भाग आला, मी मागचा ब्रेक दाबला, मागची दोन्ही चाकं थांबली आणि थांबलेल्या चाकांवरच गाडी घसरायला लागली. तेवढ्यात ट्रॉलीनं बाजूनं रेटलं. म्हणजे गाडी सरळ जातेय आणि मागून ट्रॉली तिला ओव्हरटेक करायला बघतेय असा प्रकार. दांडा पंचेचाळीस अंशात वळला, ट्रॉली चरीत कलंडली, मी उडी मारली ती सरळ करवंदीच्या जाळीत. हेल्मेट होतं म्हणून, नाहीतर पुढचं लिहिलं नसतं. सहा क्रेट पडले. हापूस कातळावरून उड्या मारत गडग्यापर्यंत गेलेले बघताना पायातनं रक्त येतंय हे कळलंच नाही. काका उठले, एक आंबा उचलला, धोतराला पुसला आणि काही न बोलता घरी गेले.

त्या दिवसापासून परीक्षा उलटी केली. वरून खाली, भरलेली.

मोठी एटीव्ही यात छोटीपेक्षा खूप बरी. थ्रॉटल सोडला की इंजिन स्वतःच धरून ठेवतं, आणि फोर व्हील चालू ठेवलं तर जास्त सरळ राहते. पण बेल्टवाल्या गाड्यांची एक खोड असते, ज्यांना हे इंजिन ब्रेकिंग दिलेलं नाही त्यांत वेग फार कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी गडगडते. घेताना हे विचारून घ्या, एचपी नंतर विचारा. या गाडीला ते होतं, तरी वीस क्रेट मागे असताना माझी छाती धडधडत होतीच, कारण ट्रॉली गाडीपेक्षा जड. त्यानंतर बारा क्रेटच्या वर मी गेलो नाही. वेगाचं म्हणाल तर ओढताना सपाटीला ताशी पंधरा-सोळाच्या वर आणि खडबडीत किंवा उताराला आठच्या वर जाऊ नये असं या गाड्यांच्या पुस्तकातच असतं. म्हणजे जी गाडी ऐंशीला पळते ती आमच्याकडे आठला चालणार.

आणि तसंही आंब्याला वेग चालत नाही. एकदा रिकाम्या वाटेवर, बागेतल्या सपाट भागात, जरा पळवली चार क्रेट घेऊन. एटीव्हीला सस्पेन्शन आहे पण ट्रॉलीला कुठे आहे? खाली येऊन बघितलं तर निम्म्या फळांचे देठ तुटलेले, चीक सालीवर ओघळलेला. देठासकट झेल्यानं, म्हणजे काठीला लावलेल्या जाळीनं, अलगद काढायचा आणि मग ट्रॉलीत खुळखुळ्यासारखा हलवायचा, याला काही अर्थ नाही. ज्या फळाला चीक लागला ते पेटीत वर लावता येत नाही, डाग काळा पडतो. दाजूंच्या डोक्यावरून येणाऱ्या क्रेटात असं कधी झालं नव्हतं. मग ट्रॉलीच्या टायरमधली हवा निम्मी केली आणि तळाला भाताचा पेंढा घातला, तेव्हा जरा जमलं.

ट्रॅक्टर उताराला पहिल्या गिअरमधे सोडला की ब्रेकला पाय लावावा लागत नाही. वीस क्रेट घेऊन उतरला. दाजू बाजूनं चालत होते, त्यांना मधे मधे थांबावं लागत होतं इतका सावकाश. काका तेव्हाही गडग्यावर होते. त्यांनी फक्त मान हलवली, ती कुठल्या दिशेनं ते मी विचारलं नाही.

किनाऱ्याचा प्रयोग राहिला होता. मामाची फायबरची लहान होडी आहे, मशीनवाली. १ जून ते ३१ जुलै मशीनवाल्या होड्यांना मासेमारी बंद, म्हणून मेच्या शेवटी होड्या वर काढायची सगळ्यांची घाई. दरवर्षी दहा-बारा माणसं लाकडी ओंडक्यांवरून ढकलतात, आता पोरं मुंबईला, मग माणसं जमवायलाच दोन दिवस. म्हटलं मोठी एटीव्ही अजून चार दिवस आपल्याकडे आहे, बघू. रिसॉर्टवाल्यानं "घेणार असाल तर वापरून बघा" म्हणून ठेवली होती आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेत होतो.

वाळूवर गाडी घालायच्या आधी ग्रामपंचायतीत विचारून घेतलं. बऱ्याच किनाऱ्यांवर मनाई आहे आणि ती योग्यच आहे, आमच्या तांबळडेगच्या पट्ट्यात कासवं अंडी घालायला येतात, ऑलिव्ह रिडले, आणि चाकांच्या चाकोरीत पडलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. मेच्या शेवटी पिल्लं बहुतेक गेलेली असतात, तरी दिवसाच, आणि भरतीच्या रेषेच्या वर एकदाच सरळ जायचं असं ठरलं.

होडी आणि तिची ट्रॉली मिळून साडेचारशे किलो. ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूत काटा ४५-५०. गाडीला कळलंसुद्धा नाही. आणि मग कोरडी भुसभुशीत वाळू सुरू झाली, जमीन सपाट आहे बरं का, चढ नाही काही, आणि काटा गेला १३५ वर. म्हणजे आमच्या घाटीवर चढायला जेवढी ओढ लागत होती तेवढी इथे सपाटीवर. गाडीची चाकं रुंद, त्यात हवा मी ५ पीएसआयवर आणली होती, ती वर तरंगत होती. रुतत होती ती ट्रॉली, तिची स्कूटरसारखी बारीक चाकं वाळू कापत खाली जात होती. मामा म्हणाला, गाडी सोड, चाकां बदल. बैलगाडीवाल्यांना रुंद धावेची चाकं का लागायची ते मला तिथे कळलं. शेवटी ट्रॉलीच्या पुढे जुन्या फळ्या टाकत टाकत, सहा माणसांनी आणि एका एटीव्हीनं होडी माडाखाली लावली. बारा माणसांचं काम सहांनी केलं, तासाभरात. हे यश म्हणायचं की नाही यावर मामी आणि मी अजून सहमत नाही, कारण बाराही लोकांचा चहा आणि भजी तिनं केलीच होती.

या सगळ्यात ती गाडी घ्यावी का हा प्रश्न होता. खरं सांगतो, मन तिच्यातच होतं. पण गाडी उलटी करून बघितली. किनाऱ्यावर दोन-तीन वर्षं फिरलेली, खारं पाणी लागलेलं. रेडिएटरच्या पात्या बोटानं दाबल्या तर पापडासारख्या तुटल्या. वायरींच्या जोडण्या हिरव्या. पुढचं डावं चाक वर उचलून हलवलं तर टकटक, बेअरिंग गेलेलं. रिसॉर्टवाला म्हणे, रोज धुत होतो. धुत असेल, विहिरीच्या मचूळ पाण्यानं. किनाऱ्यावर वापरलेली एटीव्ही घेत असाल तर आधी खाली झोपून बघा, टाकीवरचा रंग बघू नका. शिवाय पार्ट. ट्रॅक्टरचं काही गेलं तर कणकवलीला मिळतं, हिचं ऑर्डर करून वाट बघायची, आणि मोहोर आलेला असताना फवारणी वाट बघत नाही. कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकातच सहा फवारण्या आहेत आणि एक चुकली की तुडतुडे काय करतात ते बागायतदाराला सांगायला नको.

कागदपत्रांचंही आहे. साध्या एटीव्हीला आपल्याकडे रस्त्यावर यायला नंबर मिळत नाही. पोलारिसनं स्पोर्ट्समन ५७० ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होईल अशी आणली होती, ती आठ लाखांच्या घरात, तिच्यावर नंबर प्लेट लागते. चांगली कल्पना आहे, पैसे असते तर नवीच घेतली असती. मिनी ट्रॅक्टर साडेपाच-सहाला, आणि त्यावर सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून अनुदानाचा अर्ज करता येतो. आईच्या नावावर सातबारा आहे, म्हणून अर्ज तिच्या नावानं केला. आईनं आधार कार्ड देताना विचारलं, "ह्येका दोर बांधूक लागतलो काय?"

ट्रॅक्टर दिवाळीनंतर आला. फवारणीला दोन ड्रम घेऊन जातो, चार फेऱ्यांचं काम दोनात. दाजू आता चालवतात, मला देत नाहीत, म्हणतात तुम्ही पळवता. त्यांचा गुडघा बरा आहे.

ट्रॉलीचं मात्र अजून बाकी आहे. गावातल्या वेल्डिंगवाल्याला सांगितलंय की दांड्यात स्प्रिंग घालून असा ब्रेक कर की ट्रॉलीनं पुढे रेटलं की तिचीच चाकं आवळली पाहिजेत. त्यानं चित्र काढून घेतलं, ॲडव्हान्स घेतला, आणि आता सगळ्यांच्या पिकअपचे साटे दुरुस्त करत बसलाय. मी दर आठवड्याला जाऊन बसतो. तो म्हणतो, हंगाम संपू दे. तोवर ट्रॅक्टर असला तरी उताराला बाराच क्रेट.